वेगळे होताना या चुका टाळा

वेगळं व्हायचं नवरा-बायको दोघांनी समजुतीनं ठरवलेलं असतं, आणि महिन्याभरात कपाटाच्या किल्लीवरून एकमेकांचं खानदान निघतं. भांडण किल्लीचं नसतं, हे दोघांनाही माहीत असतं.

सर्वात जास्त बिघडतं ते मेसेजवर. एक कामाचं वाक्य आणि त्याला चिकटलेले चार टोमणे! समोरचा टोमण्यांना उत्तर देतो, काम तसंच राहतं. एका मेसेजमध्ये एकच विषय ठेवा: काय हवंय, कधीपर्यंत. ‘नेहमीसारखं’, ‘तुझ्या घरच्यांसारखं’ हे शब्द पाठवण्याआधी खोडा. रात्री लिहिलेलं सकाळी वाचून मगच पाठवा. वकील आणि समुपदेशक बिल एडी यांनी अशा पत्रव्यवहाराला चार कसोट्या लावल्या आहेत: मजकूर थोडका, माहितीपुरता, सौम्य आणि ठाम हवा. ठाम राहणं जमतं हो, सौम्यपणाशी गाडी अडते. टोमणा गेलाच असेल तर ‘ते शेवटचं वाक्य नको होतं’ एवढंच कळवा. स्पष्टीकरण देत बसलात की नवा वाद सुरू.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांना जोडप्यांच्या अभ्यासात घटस्फोटाची सर्वात ठळक खूण तुच्छतेत दिसली: नक्कल करणं, डोळे फिरवणं, हिणवून हसणं. नातं संपलं तरी ही सवय आपोआप सुटत नाही.

मुलांना निरोप्या करू नका. ‘बाबाला सांग, फी भरायची राहिलीय’ हे वाक्य साधं वाटतं, पण उत्तराचा राग पोराच्या तोंडावर निघतो. तसं झालंच असेल तर मुलाला सांगा, ‘हे मीच बोलायला हवं होतं,’ आणि पुढचा फोन स्वतः करा.

‘आपण मित्र राहू’ ही घाईही मला चूकच वाटते. आदर ठेवायला मैत्री लागत नाही. काही महिने कामापुरतं बोलणं पुरतं. जिथे मारहाण किंवा धमक्या होत्या, तिथे तर समोरासमोरच्या सौजन्याचा आग्रह कुणी धरूच नये. आधी सुरक्षितता, बोलणं वकिलामार्फत.

नातेवाईक विचारणारच. त्यांना काय सांगायचं ते एक वाक्य दोघांनी आधीच ठरवा, आणि मावशीनं कितीही खोदून विचारलं तरी दुसरं वाक्य बोलू नका.