पर्वरीत भाड्याने राहायला येताय? मग जुलै डोळ्यांसमोर ठेवा

पणजीत नोकरी लागली की माणूस आधी पणजीतच घर शोधतो. आठवडाभर भाडी ऐकून दमतो आणि मग मांडवीच्या पलीकडे बघायला लागतो. २०११ च्या जनगणनेत पणजीची लोकसंख्या जेमतेम चाळीस हजार होती, त्यामुळे मुंबई-पुण्याहून येणाऱ्याला हे शहर म्हणजे एखादा वॉर्ड वाटतो. पण कचेऱ्या, बँका, मोठी दुकानं सगळी तिथेच, म्हणून रोज सकाळी पलीकडचा अर्धा बार्देश तालुका पुलावर असतो. पूल ओलांडून आलं की टेकडीवर पर्वरी. विधानसभा इथे, सचिवालय इथे, तरी महामार्गावरून दोन वळणं आत शिरलं की दुपारी एक ते चार सगळं सामसूम. दुकानंसुद्धा बंद. ही शांतता हवी असेल तर जागा चांगली आहे, फक्त यायच्या आधी काही गोष्टी नीट तपासून घ्या.

घर बघायला डिसेंबरात येऊ नका. सुट्टी तेव्हाच मिळत असेल तर या, पण डोक्यात जुलै ठेवून बघा. डिसेंबरात गोव्यातलं कुठलंही घर छानच दिसतं. इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि टेकडीवरच्या इमारतींना तो वाऱ्यासकट आडवा लागतो. म्हणून नैऋत्येकडची खोली आधी गाठा. कपाट असेल तर मालकाला विचारून हातभर पुढे ओढा आणि मागची भिंत बघा. नुकताच रंग दिलेला असेल तर जमिनीपासून वीतभर उंचीवर तळवा टेकवून फिरवा. रंगाखाली फुगवटा लागतो, कुठे पापुद्रा सुटतो, बोटाला पांढरी पूड लागते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत तपकिरी ओघळ असतील तर पाणी तिथून आत येतंच, रंगवाल्याने कितीही झाकलं तरी. सर्वांत वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्र्यांचं छप्पर घातलंय का, हे वर जाऊन स्वतः बघा. कपडे वाळत घालायला वरून झाकलेली गॅलरी नसेल तर चार महिने हॉलमध्ये पंख्याखाली दोऱ्या बांधून राहावं लागेल. चामड्याचे पट्टे, बूट, जुनी पुस्तकं यांच्यावर ऑगस्टपर्यंत हिरवी साय धरते; ती चांगल्या घरातही धरते, त्याचा दोष मालकाला देऊ नका.

आता पाणी. माझ्या मते पर्वरीत घर पाण्यावरूनच ठरवावं, बाकी सगळं नंतर. ‘पाणी येतं का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात आणि ते खोटंही नसतं. किती वाजता येतं, किती वेळ येतं, खाली संप, म्हणजे जमिनीतली टाकी, किती लिटरचा, त्यावर किती फ्लॅट, पंप कोण चालू करतं आणि टँकर मागवला तर पैसे कोण देतं, हे विचारा. बार्देशला पाणी अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं आणि बरीच भिस्त तिळारी धरणावर असते. धरण आहे महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. तिथून येणारा कालवा कुठे फुटला की इकडे नळ कोरडे पडतात आणि रस्त्यांवर टँकर दिसू लागतात. अशा वेळी मोठा संप असलेल्या इमारतीतली माणसं निवांत असतात, बाकीचे बादल्या मोजतात. मालकाने सांगितलेलं खालच्या मजल्यावर एकदा पडताळून घ्या. अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या काकींना सहज विचारावं, ‘काकी, टँकर किती दिवसांनी येतो?’ ‘आता नाही येत. पण मे महिन्यात येऊन विचार,’ असं उत्तर आलं की तुमचं काम झालं.

विहीर असेल तर फारच उत्तम. मात्र ती वापरात आहे की नुसती शोभेला, ते बघा. कळशीची दोरी ओली आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे.

तिसरी गोष्ट रस्त्याची. पर्वरीचे महामार्गाने दोन भाग केले आहेत. तुमचं घर, मुलांची शाळा आणि पणजीची बस महामार्गाच्या कुठल्या बाजूला पडतात, हे कागदावर मांडून बघा. घरासमोर दिसणारा थांबा पलीकडे असेल तर तो तुमचा नाही, असंच समजा. उन्नत मार्गाचं काम निघाल्यापासून इथली वळणं सारखी बदलत आली आहेत, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. कामाच्या दिवशी सकाळी नऊला त्या घरापासून कचेरीपर्यंत एकदा खरोखर जाऊन बघा. रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून केलेल्या प्रवासावरून काही कळत नाही.

स्कूटरवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेला अटल सेतू दुचाकींसाठी नाही. त्यांनी जुन्या मांडवी पुलांवरूनच जायचं. पावसात त्या पुलांवर वारा बाजूने ढकलतो, तेव्हा छत्री नव्हे, चांगला रेनकोट घ्या आणि वेग कमी ठेवा. इथला पहिला पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला होता. त्यानंतर नवे पूल उभे राहीपर्यंत फेरीबोटीने काढलेले दिवस जुनी माणसं अजून सांगतात. ती फेरी आजही चालू आहे, पर्वरीच्या टेकडीखालच्या बेतीहून पणजीला. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. कचेरी पणजीच्या धक्क्याजवळ असेल आणि घर बेतीच्या उताराला, तर पुलावरच्या रांगेपेक्षा मी फेरीलाच मत देईन. पणजीत गाडी लावायला जागा शोधण्याचा ताप वाचतो, तो वेगळाच.

बसचं गणित सोपं आहे, पण नवख्याला कोणी सांगत नाही. कदंबची, म्हणजे इथल्या सरकारी एसटीची, पणजी-म्हापसा शटल नॉन-स्टॉप असते, तिकीट आधी खिडकीवर काढायचं. पर्वरीत उतरायचं असेल तर ती तुमच्या कामाची नाही. त्यासाठी थांबत थांबत जाणारी खाजगी बस. ती कंडक्टरच्या मर्जीने निघते, दारात लोंबकळून ‘म्हापशे, म्हापशे’ ओरडणं आटोपलं की. संध्याकाळी आठनंतर बसचा भरवसा धरू नका. ओला-उबर इथे नाही. गोवा माईल्स ही ॲपवरची टॅक्सी आहे, आणि नाक्यावर पायलट, म्हणजे भाड्याने नेणारे परवानाधारक मोटारसायकलवाले. पायलटशी भाडं आधी ठरवावं. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी आणणार असाल तर बारा महिन्यांच्या आत इथे नोंदवावी लागते, त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला निघतानाच घेऊन ठेवा. नंतर त्यासाठी रजा टाकून परत जावं लागतं.

चोगम रस्त्याच्या बाजूला घर मिळत असेल तर थोडा विचार करा. १९८३ साली राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची बैठक (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘चोगम’) गोव्यात झाली, तेव्हापासून या रस्त्याला ते नाव चिकटलं. प्रमुख गेले, पण रस्ता कळंगुटकडे जातो, त्यामुळे शनिवार-रविवारी आणि नाताळाच्या दिवसांत भाड्याच्या गाड्यांची रीघ लागते. शांततेसाठी यायचं आणि हॉर्न ऐकत बसायचं, यात काही अर्थ नाही. साल्वादोर द मुंद, ब्रिटोना, सुकूरच्या आतल्या वाड्यांकडे चौकशी करा. तिकडे किराणा जरा लांब, पण रात्री बेडूक तेवढे ऐकू येतात.

कराराबद्दल. इथेही अकरा महिन्यांचाच करार करतात, कारण वर्षावरचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. त्यात काही वावगं नाही. वाचायचं ते मुदत संपण्याचा महिना आणि मध्येच घर सोडायला सांगण्याचं कलम. गोव्यात दिवसावर पर्यटकांना घर देऊन जास्त पैसे मिळतात, त्यामुळे करार नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपत असेल तर तेव्हा मालकाचा विचार बदलू शकतो. आडवळणाने विचारण्यापेक्षा सरळ म्हणावं, ‘भाऊ, आम्ही दोन-तीन वर्षं राहणार. सीझनमध्ये जागा लागणार असेल तर आताच सांगा.’ बहुतेक जण खरं सांगतात. डिपॉझिट किती महिन्यांत परत, त्यातून रंगाचे पैसे कापणार का, पंप बिघडला तर कोणाचा खर्च, हे शब्दांत लिहून घ्या. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म मालकाने पोलीस स्टेशनात द्यायचा असतो. त्यासाठी फोटो, आधारची प्रत आणि कराराची प्रत तयार ठेवा आणि शिक्का मारलेली पोच मागून घ्या. गॅस, बँक, शाळा, सगळीकडे करार मागतात, म्हणून चार-पाच प्रती काढूनच ठेवाव्यात.

वीज सरकारी खात्याची. मागचं बिल बघायला मागा, थकबाकी आहे का ते कळतं, आणि चावी घेताना मीटरचा फोटो काढा. पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडली की लाईट गेलीच. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टरची सोय मालकाशी आधीच बोलून घ्यावी. माडावरून आठवलं, पार्किंग माडाखाली असेल तर जागा बदलून मागा. पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा, वेळेवर आला नाही तर नारळ स्वतःच खाली येतो आणि तो बॉनेट बघून पडत नाही.

पर्वरीला नगरपालिका नाही, ती वेगवेगळ्या पंचायतींत वाटलेली आहे. आपलं घर कुठल्या पंचायतीत हे पहिल्याच दिवशी विचारा, कारण कचऱ्याची गाडी, तिचे वार आणि तक्रारीची जागा त्यावर ठरते. ओला-सुका वेगळा करावाच लागतो. शाळेचं बघायचं असेल तर घाई करा: २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, तेव्हा जूनच्या हिशेबाने आलात तर वर्ग पुढे गेलेला असेल. मराठी वाचायला-ऐकायला मिळणार नाही ही धास्ती मात्र सोडा. सकाळी दारात मराठी पेपर पडतो, आणि गोमंतक मराठी अकादमी तर पर्वरीतच आहे.

स्वयंपाकघराची तयारी मेमध्ये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून त्याआधी पुरुमेंताची खरेदी करतात: सुकी मासळी, मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार त्यासाठी उत्तम. सुका बांगडा आणि गोलमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा, नाहीतर जुलैत सगळ्या घराला त्यांचा वास. पावाची काळजी नको, सकाळी-संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो. कितीला येतो ते शेजारी विचारून सुटे पैसे दाराशी ठेवायचे.

सामान हलवायची तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. चतुर्थीच्या आधी दोन दिवस आणि नंतरचा आठवडा टेम्पो मिळत नाही, प्लंबर मिळत नाही, कुलूपवाला तर फोनही उचलत नाही. सगळे आपापल्या गावी मूळ घरात असतात. एक तर आठ-पंधरा दिवस आधी या, नाहीतर सरळ गणपती पोचवून झाल्यावर.