प्राण्याच्या नावात थोर माणूस दिसला? या चुका टाळा

आयसियस तुकारामी हे नाव वाचलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी देहू उभं राहतं, मग इंद्रायणी. पण ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या, उड्या मारत शिकार करणाऱ्या या कोळ्याचा संत तुकारामांशी काही संबंध नाही. २०२१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. त्यात नाव ठेवलं गेलं ते सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबची रायफल पकडून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि एक दहशतवादी जिवंत हाती लागला. मरणोत्तर अशोकचक्र त्यांना मिळालं. ज्या शहरासाठी ते गेले, त्याच्या शेजारच्या एका छोट्या जिवाला त्यांचं नाव मिळालं. ही गोष्ट चुकीची सांगितली गेली तर वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

शाळेतल्या प्रश्नमंजूषा, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'तुम्हाला माहीत आहे का' या सगळ्यांत माणसांवरून ठेवलेली प्राण्यांची नावं हा विषय लोकांना आवडतो आणि त्याच त्या चुका पुन्हापुन्हा होतात.

एक शब्दाचा खुलासा आधी करतो. आज बातम्यांमध्ये 'प्रजाती' हा शब्द 'स्पीशीज'साठी वापरतात, पण जुन्या मराठी परिभाषेत 'प्रजाती' म्हणजे 'जीनस'. एकच शब्द दोन अर्थांनी फिरत असल्यामुळे मी इथे 'वंश' आणि 'जाती' हे शब्द वापरतो. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा.

नाव ओळखीचं, म्हणून माणूसही ओळखीचा समजणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तुकारामींचं वर आलंच. दुसरं उदाहरण सह्याद्रीतल्या एका बेडकाचं, निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी. पावसाळ्यात ओढ्याकाठी रात्री टॉर्च घेऊन फिरलात तर पाण्यावर झुकलेल्या पानांवर त्याची अंडी दिसू शकतात. नाव ऐकून 'मुघल बादशहाचं नाव बेडकाला कसं?' असा प्रश्न पडणं साहजिक आहे. मलाही तो पडला होता, आणि बरेच दिवस मी तेच खरं धरून चाललो होतो. हा हुमायून म्हणजे हुमायून अब्दुलअली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतले पक्षीतज्ज्ञ आणि सलीम अलींचे नातलग. १९५५ मध्ये या बेडकाला त्यांचं नाव मिळालं. पुढे याच अब्दुलअलींनी बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध चिकाटीने लढा दिला आणि १९८७ साली भारताने ती निर्यात बंद केली. बादशहा समजून पुढे गेलात तर ही सगळी गोष्ट हातची जाते.

उलट्या दिशेनेही चूक होते. 'ओबामा नुंगारा' हा दक्षिण अमेरिकेतून युरोपात पसरलेला एक चपटा किडा आहे. बराक ओबामांच्या नावाचे जीव भरपूर आहेत: अमेरिकेतल्या टेनेसीच्या नद्यांमधला एथिओस्टोमा ओबामा हा मासा, हवाई बेटांजवळचा टोसॅनॉइडिस ओबामा हा मासा, कॅलिफोर्नियातला अ‍ॅप्टोस्टिकस बराकओबामाई हा कोळी. त्यामुळे यादी करणारा हा किडाही त्यांतच टाकून मोकळा होतो. पण त्याच्या वंशाचं नाव तुपी भाषेतून आलं आहे. त्या भाषेत 'ओबा' म्हणजे पान आणि 'मा' म्हणजे प्राणी. किडा पानासारखा दिसतो, म्हणून ओबामा. राष्ट्राध्यक्षांचा इथे संबंध नाही.

मराठीला जवळचं असंच एक नाव आहे. २०१६ साली सरड्यांच्या एका नव्या वंशाला जे नाव दिलं, ते रोमन लिपीत पाहिलं तर सहज 'शारदा' वाचलं जातं. आहे ते 'सरडा', आपल्या मराठीतला साधा शब्द, जगाच्या शास्त्रात तसाच गेलेला. त्या वंशातली एक जाती सरडा डार्विनी. तिथे मात्र चार्ल्स डार्विनच आहेत.

तेव्हा नुसत्या नावावरून माणूस ठरवू नका. नवी जाती जाहीर करणाऱ्या मूळ शोधनिबंधात 'व्युत्पत्ती' नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. नाव कोणाचं आणि का, हे तिथे एक-दोन वाक्यांत लिहिलेलं असतं. त्या परिच्छेदापुढे बाकी कोणाचाही अंदाज चालत नाही.

शोधणारा, वर्णन करणारा आणि नावाचा मानकरी

ही तीन वेगळी माणसं असू शकतात, पण बातमीत तिघांची सरमिसळ होते. 'सचिन तेंडुलकरने शोधलेला कोळी' अशा वाक्यापर्यंत मजल जाते.

कोयना परिसरातल्या बोइगा ठाकरेई या सापाचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. नाव तेजस ठाकरे यांच्यावरून. आडनाव पाहून लोक घराण्यातल्या दुसऱ्याच व्यक्तीचं नाव सांगतात, किंवा 'स्वतःचंच नाव दिलं' असा आरोप करतात. वर्णन करणाऱ्या लेखकांमध्ये तेजस ठाकरे नाहीत, त्यामुळे तो आरोप टिकत नाही. स्वतः वर्णन केलेल्या जातीला स्वतःचं नाव न देणं हा प्राणिशास्त्रातला जुना शिष्टाचार आहे. हा साप त्या हुमायूनी बेडकाची अंडी खातो, हेही याच शोधनिबंधातून समोर आलं. एका माणसाच्या नावाचा साप दुसऱ्याच्या नावाच्या बेडकाची अंडी खातो, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाक्य वाटतं, आणि ते खरं आहे.

कधी शोध आणि नामकरण यांत कित्येक वर्षं जातात. लॅटिडेन्स सलीमअलीआय हे वटवाघूळ १९४८ साली तमिळनाडूच्या डोंगरात अँगस हटन यांनी पकडलं. तेव्हा ते दुसऱ्याच, नेहमीच्या जातीचं समजून संग्रहात ठेवलं गेलं. कित्ती थोंगलोंग्या यांनी ते नीट तपासलं आणि १९७२ मध्ये नवी जाती म्हणून नाव दिलं. 'सलीम अलींनी १९७२ मध्ये शोधलेलं वटवाघूळ' या एका वाक्यात दोन चुका आहेत.

शास्त्रीय नावानंतर जे आडनाव आणि साल छापलेलं असतं, ते वर्णन करणाऱ्याचं. ते कंसात असेल तर समजावं की जाती आता पहिल्या वंशात राहिलेली नाही, दुसऱ्या वंशात हलवली आहे. ऑस्ट्रेलियातली सोनेरी केसांची माशी २०११ मध्ये स्कॅप्टिया बियॉन्सेए म्हणून जाहीर झाली आणि गायिका बियॉन्सेमुळे जगभर गाजली. आज ती प्लिंथिना या वंशात मोजतात. बातम्यांत मात्र अजून जुनंच नाव फिरतं. नाव लिहिण्याआधी ते आजही तेच आहे का, हे पाहून घ्यावं.

नाव आणि रूप यांत बळेच साम्य शोधणं

बियॉन्सेच्या माशीत साम्य आहे, तिच्या पोटावरचे केस सोनेरी आहेत. २०२४ मध्ये तमिळनाडूतून जाहीर झालेल्या निमास्पिस व्हॅनगॉगी या पालीतही आहे. तिच्या पिवळ्या-निळ्या रंगांवरून संशोधकांना व्हॅन गॉगचं तारांकित रात्रीचं चित्र आठवलं.

पण मॅरेंगो सचिनतेंडुलकर या कोळ्यात फलंदाजीसारखं काही शोधायला जाऊ नका. २०१९ मध्ये नाव देणाऱ्यांपैकी ध्रुव प्रजापती यांचा तो आवडता खेळाडू, एवढंच कारण. बारापासॉरस टागोरेई या डायनोसॉरची हाडं प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडली. उत्खननाचं पहिलं वर्ष रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचं होतं, म्हणून टागोरांचं नाव. आणि 'बारा' हा आपला बारा नव्हे. बंगालीतला 'बडो', म्हणजे मोठा, आणि 'पा' म्हणजे पाय. बारा पायांचा डायनोसॉर असं कुठे लिहू नका.

नाव देणं हा टोमणाच असणार, असंही पुष्कळ जण धरून चालतात. २००५ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश, उपराष्ट्राध्यक्ष चेनी आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड या तिघांची नावं स्लाइम मोल्ड या बुरशीसारख्या दिसणाऱ्या जिवांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांना मिळाली, तेव्हा लोकांना ती थट्टा वाटली. नावं देणाऱ्या दोघा कीटकशास्त्रज्ञांनी ती मनापासून गौरव म्हणून दिली होती, आणि बुश यांनी त्यांच्यापैकी एकाला फोन करून आभारही मानले. कीटकांवर आयुष्य घालवणाऱ्या माणसाला भुंगेरा क्षुद्र वाटत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

शेवटची अक्षरं

एकट्या पुरुषाच्या नावाला लॅटिन रीतीने शेवटी 'आय' हे अक्षर लागतं, स्त्रीच्या नावाला 'ए' आणि 'ई' ही जोडी. ग्रेटा थनबर्गच्या नावाचा केनियातला भुंगेरा म्हणून नेलोप्टोडिस ग्रेटे. पण नाव तसंच्या तसं, शेपटी न लावता ठेवण्याचीही मुभा आहे. म्हणून 'सचिनतेंडुलकर', ते 'सचिनतेंडुलकरी' करून 'सुधारू' नये. गायक डेव्हिड बॉवी यांच्या नावाचा मलेशियातला हेटेरोपोडा डेव्हिडबॉवी हा कोळी तसाच. कधी एक 'आय' असतो, कधी दोन. निसर्गावरच्या माहितीपटांचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या नावाच्या न्यू गिनीतल्या काटेरी मुंगीखाऊला एक आणि केरळातल्या सरड्याला दोन. एकसारखं करण्याच्या नादात त्यात हात घालू नका. मूळ निबंधात जे असेल तेच चालतं.

जातीचं नाव एक सलग शब्द असतं, म्हणून नाव आणि आडनाव तोडून लिहू नये. रोमन लिपीत लिहायची वेळ आलीच तर वंशाचं पहिलं अक्षर मोठं. जातीचं मात्र लहान, मग ती कितीही मोठ्या माणसाच्या नावाची असो.

प्राणी नसलेला 'प्राणी'

सोलिबॅसिलस कलामीआय. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या एका गाळणीवर नासाच्या संशोधकांना हा जिवाणू मिळाला आणि २०१७ मध्ये त्याला डॉ. अब्दुल कलामांचं नाव दिलं. हा प्राणी नाही. परग्रहावरचा तर मुळीच नाही. पृथ्वीवरूनच माणसांबरोबर किंवा सामानाबरोबर वर गेलेला आहे. प्राण्यांच्या यादीत तो टाकू नका. तसंच सिल्व्हिलॅगस पालुस्ट्रिस हेफनेरी हा फ्लोरिडाचा ससा 'प्लेबॉय' मासिकाचा संस्थापक ह्यू हेफनरच्या नावाचा आहे, पण ती स्वतंत्र जाती नाही, उपजाती आहे. तीन शब्दांचं नाव दिसलं की उपजाती, हे ओळखायला सोपं.

नाव बदलता येतं, हा समज

स्लोव्हेनियाच्या गुहांत डोळे नसलेला एक भुंगेरा राहतो. १९३७ मध्ये त्याचं नाव अ‍ॅनोफ्थाल्मस हिटलरी ठेवलं गेलं, आणि ते आजही तेच आहे. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 'ज्याचं नाव दिलं तो माणूस वाईट निघाला' हे नाव रद्द करण्याचं कारण ठरत नाही. याची झळ बसते त्या भुंगेऱ्यालाच. हिटलरच्या वस्तू जमवणारे लोक त्याला पकडून विकत घेतात, त्यामुळे तो धोक्यात आला आहे. नाव का बदलत नाहीत याचा मला राग येतो. तरीही लिहिताना 'नाव बदललं' असं खोटं लिहिता येणार नाही.

इथे दोन बातम्या मिसळल्या जातात. २०२३ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने माणसांच्या नावांवरून पडलेली पक्ष्यांची नावं बदलायचं ठरवलं, पण ती इंग्रजी बोलीतली नावं. शास्त्रीय नावांना हात लागणार नाही. आणि २०२४ मध्ये माद्रिदच्या परिषदेत वंशद्वेषी शब्द असलेली दोनशेहून अधिक नावं बदलण्याचा निर्णय झाला तो वनस्पतींचा. वनस्पतींची नियमावली वेगळी, प्राण्यांची वेगळी.

अडलात तर कुठे पाहायचं

शास्त्रीय नाव आणि साल टाकून मूळ निबंध शोधा; बरेच आता मोफत वाचता येतात. तो मिळाला नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी रेप्टाइल डेटाबेस, कोळ्यांसाठी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग, बेडकांसाठी अ‍ॅम्फिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड. माशांच्या नावांची व्युत्पत्ती तर इटिफिश प्रोजेक्टमध्ये जातीनिहाय दिलेली आहे. आजचा वंश कोणता हेही यांतून कळतं. इथेही कारण सापडलं नाही तर नुसतं नाव लिहा आणि कारण सोडून द्या.

आणि चूक आधीच छापून गेली असेल तर ती ज्या गटात, ज्या पानावर गेली तिथेच दुरुस्ती टाका. मजकूर गुपचूप काढून टाकला तर आधी वाचलेल्यांपर्यंत खरं नाव पोहोचत नाही. चार ओळींच्या खुलाशाची गरज नसते. आयसियस तुकारामीपुरतं एवढं पुरेल: 'या कोळ्याचं नाव संत तुकारामांवरून नाही, २६/११ च्या हल्ल्यात वीरमरण आलेले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्यावरून ठेवलं आहे.'