पद्मिनी देऊन हेराल्ड घ्यावी का? अदलाबदलीपूर्वी काय तपासावे

वापरातली जुनी गाडी आणि वर थोडी रक्कम देऊन एखादी दुर्मीळ क्लासिक गाडी घेण्याचा प्रस्ताव आला, की मालकाचे लक्ष साहजिकच वरच्या रकमेकडे जाते आणि सगळी घासाघीस तिच्याभोवतीच होते. मात्र व्यवहार करावा की नाही, हे त्या रकमेवर क्वचितच ठरते. समोरच्या गाडीत जे उणे आहे ते कोल्हापुरात बनवून मिळते का, आणि तिचे कागद तिला रस्त्यावर चालू देतात का, हे आधी पाहावे. उदाहरण म्हणून येथे नव्वदच्या दशकातील चालू स्थितीतली प्रीमियर पद्मिनी देऊन साठच्या दशकातील स्टँडर्ड हेराल्ड घेण्याचा विचार धरला आहे. गाड्या दुसऱ्या असल्या तरी तपासणीची रीत फारशी बदलत नाही.

या दोन्ही गाड्या जुन्या असल्या तरी त्यांचे जुनेपण सारखे नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी कित्येक दशके बाहेर पडत राहिली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. त्यामुळे तिचे सुटे भाग जुन्या बाजारात अजून हाताला लागतात आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीही भेटतात. हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ ते १९७१ एवढीच दहा वर्षे बनवली. तिची चार दारांची मार्क थ्री ही आवृत्ती तर फक्त भारतात निघाली, त्यामुळे तिच्या मागच्या दाराचा पत्रा किंवा काच इंग्लंडहून मागवू म्हटले तरी मिळण्यासारखी नाही. दोन दारांच्या हेराल्डचे भाग मात्र तेथे अजूनही नव्याने तयार होतात. सौदा करताना दारे मोजून घ्यावीत असे कोणी म्हटले तर हसू येईल, पण येथे त्याला अर्थ आहे.

घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी नसेल, तर हा विचार येथेच थांबवावा. क्लासिक गाडी एका किरकोळ भागासाठी दोन-दोन महिने उभी राहते आणि त्या काळात मुलांची शाळा, दवाखाना, गावाकडची जत्रा यांतले काहीच थांबत नाही. त्याचप्रमाणे कोल्हापूरच्या पावसात चार महिने कोरडी राहील अशी पक्क्या छपराखालची जागा हवी. मंगळवार पेठेच्या बोळात ताडपत्री टाकून हेराल्ड ठेवणे म्हणजे पत्रा सडवण्याची सोय करणे होय, कारण ताडपत्रीखाली साचलेला दमट वारा उघड्या पावसापेक्षाही वाईट असतो.

सुट्या भागांच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. इंजिन बसलेले आहे, धूर मारते किंवा गिअरबॉक्स आवाज करतो असे कळले, की बाहेरगावचा गिऱ्हाईक घाबरतो. येथे त्याची तितकी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, बुश ओतून लेथवर काढणे ही रोजची कामे आहेत आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींच्या जोरावर पॅटर्न म्हणजे नमुना करून एखादा भाग ओतून घेणेही अशक्य नसते. शिसेविरहित पेट्रोल देशभर २००० साली आले. त्याआधीच्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जेथे टेकतात त्या कडा, पुष्कळदा मऊ असतात आणि शिशाविना झिजतात. हेड उतरवलेच तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, ते जुन्या रबरी पाइपांना आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या डायफ्रामला (आतल्या पडद्याला) मानवत नाही, म्हणून या वस्तू पहिल्याच महिन्यात बदलाव्यात. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलची तक्रार करणे जड जाते, पण कार्ब्युरेटरला त्याचे काय!

भीती बाळगायची ती काच, बीडिंगचे रबर, मोनोग्राम, दिव्यांची भिंगे, डॅशबोर्डवरचे मीटर आणि क्रोमच्या पट्ट्या यांची. यांपैकी काहीही लेथवर निघत नाही. गाडी पाहायला जाताना या वस्तूंची यादी कागदावर करावी आणि जी वस्तू नाही, फुटली आहे किंवा दुसऱ्याच गाडीची बसवली आहे तिच्यापुढे खूण करावी. खुणा झालेली प्रत्येक वस्तू कोठून मिळेल याचे ठोस उत्तर विक्रेत्याकडे नसेल, तर ‘मिळून जाईल हो’ या शब्दाला शून्य किंमत द्यावी. माझ्या मते इंजिन बंद पण काचा-पट्ट्या पूर्ण असलेली गाडी, चालू पण अर्धवट सामानाच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली.

आता पत्रा. चकचकीत रंगाला भुलू नये. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर आणि पायऱ्यांच्या पट्टीवर फिरवावे, आणि जेथे ते धरत नाही तेथे खाली पुट्टी भरली आहे असे समजावे. हेराल्डची बॉडी स्वतंत्र चॅसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बोल्टने बसवलेली असल्याने तिचे सडलेले भाग सोडवून काम करता येते. पद्मिनीत ती सोय नाही, तिची बॉडी हीच तिची चॅसिस. पण त्यामुळेच हेराल्डची चॅसिस, विशेषतः बाजूंना निघालेले तिचे हात, खालून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. गाडी रॅम्पवर चढवू देण्यास मालक खळखळ करत असेल, तर नमस्कार करून परत यावे.

हेराल्डचे बॉनेट पुढच्या मडगार्डांसह एकसंध पुढे उलटते, तेव्हा पुढची चाके समोर उघडी पडतात. चाकाच्या आतल्या बाजूस, अगदी खाली, ट्रनियन नावाचा पितळी ठोकळा असतो आणि चाक वळते तेव्हा उभा दांडा त्यातल्या आट्यांवर फिरतो. कंपनीने तेथे गिअर ऑइल घालण्यास सांगितले होते. पुष्कळ ठिकाणी ग्रीस मारले जाते किंवा काहीच घातले जात नाही. मग आटे कोरडे पडून गंजतात आणि एखाद्या दिवशी गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवले की दांडा तुटून चाक आडवे होते. तेथे तेलाचा ओलावा दिसतो की कोरडी धूळ, यावरून आधीच्या मालकाने गाडी कशी सांभाळली तेही समजते.

पुराची गाडी ओळखणे आपल्याकडे वेगळे शिकवावे लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा बंद गॅरेजांतल्या गाड्याही बुडाल्या. आसनांच्या सरकपट्ट्या, दारांच्या पोकळ्या आणि मागच्या आसनाखालचा खळगा येथे बारीक गाळाचा थर सापडला, तर वायरिंग संपूर्ण नवे करावे लागेल असे धरूनच बोलणी करावीत.

चाचणीसाठी रंकाळ्याला एक फेरी मारून भागत नाही. गाडी पन्हाळ्याला न्यावी. वाघबीळच्या चढावर तापमानाचा काटा कोठे थांबतो हे पाहावे आणि उतरताना ड्रम ब्रेक तापल्यावर पेडल खोल जाते का हे पाहावे. हेराल्डच्या मागच्या चाकांची रचना अशी आहे की वळणावर वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून अचानक पाय काढला तर चाके आत दुमडतात आणि मागची बाजू घसरू पाहते. हा बिघाड नसून त्या गाडीचा स्वभाव आहे. तो आपल्याला आणि घरातल्या इतर चालवणाऱ्यांना झेपतो का, हेही त्याच फेरीत कळते.

कागदांमध्ये आरसी बुकावरील इंजिन व चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. नोंदणी जिवंत आहे का, जुन्या तीन अक्षरी क्रमांकाची नोंद आरटीओच्या संगणकावर चढली आहे का, आणि गाडी बेळगाव-निपाणीकडची असेल तर तेथील आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) मिळू शकते का, हे विसार देण्यापूर्वी विचारावे. वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये झाले आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. नोंदणी संपलेली असेल तर विक्रेता ‘व्हिंटेज पासिंग करून घ्या’ असे सुचवतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार तशी नोंदणी २०,००० रुपयांत दहा वर्षांसाठी मिळते खरी, परंतु ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सहकुटुंब जोतिबाला जाण्यासाठी गाडी हवी असेल, तर साधी नोंदणी जिवंत असलेलीच घ्यावी.

भाव बांधताना दोन्ही गाड्यांच्या किमती स्वतंत्रपणे ठरवाव्यात, कारण अदलाबदलीत आपल्या गाडीला चढा भाव दाखवून समोरची त्याहून चढवण्याची युक्ती जुनी आहे. हेराल्डच्या किमतीत यादीतल्या खुणांचा आणि पत्र्याच्या कामाचा खर्च मिळवावा. ही बेरीज पूर्ण तयार हेराल्डच्या बाजारभावाच्या वर जात असेल, तर तयार गाडीच शोधावी. व्यवहार ठरला तरी कायद्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या विक्री आहेत, म्हणून दोन्ही गाड्यांचे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० स्वतंत्र भरावेत, वरची रक्कम बँकेतून द्यावी आणि पद्मिनीवरचे मालकाचे नाव बदलल्याची नोंद दिसेपर्यंत एजंटाच्या मागे लागावे. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा हेराल्डचे सर्व बाजूंचे फोटो व मूल्यांकन पत्र देऊन ती योग्य लिहून घ्यावी, आणि पद्मिनीवरील नो क्लेम बोनसचे, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलच्या सवलतीचे, प्रमाणपत्र तिच्यासोबत जाऊ न देता स्वतःकडे काढून ठेवावे.