मिठाच्या गरम पाण्यातलं निवांत स्नान: घरी कसं करावं

दिवसभर आखडलेलं अंग मिठाच्या गरम पाण्यात सैल पडतं, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की हे करतं कोण, मीठ की पाणी? पाकिटावरचा मजकूर वाचला तर सगळं श्रेय मिठाला. त्यातलं मॅग्नेशियम म्हणे कातडीतून आत शिरतं, थकवा घालवतं आणि शरीरातली ‘विषं’ ओढून बाहेर काढतं. विषांच्या गोष्टीला काहीच आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करत असतात. मॅग्नेशियम कातडीतून उपयोगी पडेल इतकं आत जातं, याचाही भक्कम पुरावा मिळालेला नाही. असे क्षार सहजी आत येऊ नयेत यासाठीच तर कातडीचा वरचा थर असतो.

तेव्हा या स्नानात मोठं काम उबेचं, आणि पंधरा मिनिटं कुणी हाक मारणार नाही या खात्रीचं. मीठ साथीला. म्हणून महागडं मीठ शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा पाणी किती गरम आणि किती वेळ बसायचं, इकडे लक्ष द्यावं.

आधी हे पाहा

हृदयविकार, कमी रक्तदाब किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर गरम पाण्यात बसण्याआधी डॉक्टरांना विचारा. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना भोवळ येऊ शकते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, शरीराचं आतलं तापमान वाढू देऊ नये; तेव्हा गरम पाण्यात बसणं टाळलेलंच बरं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाय शेकायला बसू नका. भाजल्याचं कळतच नाही आणि जखम चिघळते. उघडी जखम, चिरलेला किंवा संसर्ग झालेला एक्झिमा असेल तर मीठ झोंबतं, तेव्हा थांबा. मद्य किंवा झोपेची गोळी घेतल्यावर टबात उतरू नका. त्याच दिवशी पाय शेव्ह केले असतील तर स्नान उद्यावर ढकला, याची आठवण पाय स्वतःच करून देतील.

मीठ कोणतं

बाजारात नावं भरपूर असली तरी रसायनं मोजकीच आहेत. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडवट झऱ्यांवरून त्याला हे नाव पडलं. निहेमाया ग्रू या वैद्याने 1695 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ते स्वस्त, पटकन विरघळणारं आणि वासविरहित आहे, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने हेच घ्यावं. ‘मॅग्नेशियम फ्लेक्स’ म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड. मृत समुद्राच्या मिठातही त्याचं प्रमाण मोठं असतं, आणि ते पाण्याला किंचित बुळबुळीत स्पर्श देतं. सागरी मीठ आणि गुलाबी सैंधव ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे स्वयंपाकघरातलंच मीठ. सैंधवाचा गुलाबी रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो. त्यातली इतर खनिजं इतकी थोडी असतात की टबभर पाण्यात त्यांचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

एप्सम सॉल्ट बागेतल्या झाडांसाठीही विकलं जातं. अंगासाठी घेताना पाकिटावर ‘फार्मा ग्रेड’ किंवा औषधी दर्जाचा उल्लेख पाहून घ्या. रंग आणि सुगंध मिसळलेली पाकिटं टाळा. कातडीला त्रास होतो तो बहुधा त्यांचाच.

किती टाकायचं

साधारण टबात 150 लिटर पाणी मावतं. रूढ प्रमाण दोन कप, म्हणजे सुमारे 500 ग्रॅम. हिशेब केला तर हे पाणी एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच खारट होतं. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के खारट असतं, म्हणजे याच्या दसपट. मृत समुद्रात तर जवळपास एक तृतीयांश वजन मिठाचंच.

हे सांगण्याचं कारण असं की, मिठाच्या स्नानाने कोरडी त्वचा सुधारल्याचं दिसलं ते यापेक्षा कितीतरी दाट पाण्यात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोरड्या त्वचेच्या लोकांनी मृत समुद्राचं मीठ घातलेल्या 5 टक्क्यांच्या पाण्यात एक हात 15 मिनिटं बुडवून ठेवला आणि साध्या पाण्यातल्या दुसऱ्या हाताच्या तुलनेत त्या हाताची त्वचा सुधारली. तेवढं दाट पाणी टबभर करायचं तर साडेसात किलो मीठ लागेल. मुद्दा शांतपणे पडून राहण्याचा असेल तर 500 ग्रॅम पुरे, कमी टाकलं तरी बिघडत नाही. त्वचेसाठी करायचं असेल तर छोट्या भांड्यात हात किंवा पाय बुडवणं जास्त शहाणपणाचं, त्याबद्दल पुढे.

पाणी आणि वेळ

खरी मेहनत इथे घ्या. टबात बसण्यासाठी 38 ते 40 अंश सेल्सियस पाणी पुरेसं गरम. थर्मामीटर असेल तर तो वापरा. नसेल तर कोपर बुडवून पाहा, कारण बोटांना उष्णतेची सवय झालेली असते आणि ती फसवतात. कोपराला सुखद वाटलं तर ठीक, चटका जाणवला तर गार पाणी मिसळा. टब भरताना आधी गार आणि मग गरम पाणी सोडावं, म्हणजे नुसतं कढत पाणी टबात साचत नाही.

वेळ निवडतानाही विचार करा. 2019 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा झोपायच्या एक-दोन तास आधी 40 ते 42.5 अंशांच्या पाण्यात केलेल्या स्नानाने झोप लवकर लागते असं दिसलं, अगदी दहा मिनिटांच्या स्नानानेसुद्धा. त्याचं कारण वरवर पाहता उलटं वाटतं. गरम पाण्याने हातापायांकडे रक्त धावतं, बाहेर आल्यावर तिथून उष्णता निघून जाते आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं. ही उतरंड म्हणजे झोपेची खूण. म्हणून स्नान करून लगेच अंथरुणात शिरण्यापेक्षा मध्ये तासभर जाऊ द्यावा.

टबात

पाणी वाहतं असतानाच मीठ धारेखाली हळूहळू सोडा आणि हाताने ढवळा. तळाशी खडे राहिले तर बसताना टोचतात. टबाशेजारी पाण्याचा ग्लास आणि टॉवेल हाताशी ठेवा, फोन बाहेरच राहू द्या. रबरी चटई असेल तर टबात अंथरा.

पहिल्या खेपेला दहा मिनिटं पुरे, पुढे पंधरा-वीस. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसल्याने आराम वाढत नाही. कपाळावर घाम, धडधड किंवा मळमळ जाणवली तर लगेच बाहेर या. बोटांची टोकं सुरकुतली तर ‘कातडीने पाणी पिऊन घेतलं’ असं अनेकांना वाटतं. खरं तर त्या सुरकुत्या मज्जातंतूंच्या सांगण्यावरून बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसल्याने पडतात, म्हणून तंतू तुटलेल्या बोटाला त्या येत नाहीत.

आणि टबात तरंगण्याची अपेक्षा ठेवू नका. तरंगण्याच्या खास टाक्यांमध्ये शेकडो किलो एप्सम सॉल्ट असतं.

सुगंधी तेलाचा मोह झाला तर सावध. तेल पाण्यात विरघळत नाही, मिठात चोळून टाकलं तरी नाही. ते थेंबाथेंबाने वर तरंगतं आणि जिथे कातडीला लागेल तिथे आग होते. चार-पाच थेंब चमचाभर बिनवासाच्या लिक्विड सोपमध्ये किंवा खोबरेल तेलात आधी मिसळा. खोबरेल वापरलं तर टब निसरडा होईल, हे लक्षात ठेवा. पुदिना, दालचिनी, लवंग यांची तेलं टबात नकोतच. पाणी लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. एप्सम सॉल्ट पोटात गेलं तर रेचक आहे, आणि जास्त प्रमाणात, विशेषतः मूत्रपिंडं कमजोर असतील तर, धोकादायक.

उठताना आधी टबातच बसून पाणी सोडा, मग कडेला धरून हळू उभे राहा. साध्या पाण्याने अंग धुवा, टॉवेलने रगडू नका, टिपा. अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा तेल लावा. कोरड्या त्वचेच्या लोकांनी हे चुकवू नये. ग्लासभर पाणी प्या.

टब नसेल तर

माझ्या मते हाच प्रकार जास्त उपयोगाचा. पसरट बादलीत घोट्यापर्यंत बुडतील एवढं, सहा लिटर गरम पाणी घ्या. त्यात 300 ग्रॅम मीठ घातलं की पाणी 5 टक्क्यांचं होतं. खुर्चीत बसून पंधरा मिनिटं पाय बुडवून ठेवा, पाणी निवलं तर पाय बाहेर काढून गरम पाणी घाला. पाय शेकल्याने हातापायांची उष्णता बाहेर पडायला लागते, म्हणजे झोपेचा फायदा इथेही थोडाफार मिळतो, आणि पाणी व मीठ दोन्ही वाचतं.

आठवड्यातून दोन-तीनदा एवढंच करा. रोज केलं तर कातडी कोरडी पडू लागते. वापरलेलं पाणी कुंड्यांना घालू नका. सोडियमचं मीठ तर झाडांना मारकच. टब आणि नळाचे धातूचे भाग साध्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर गंज चढतो. पाण्याच्या झोतांची मोटर असलेल्या टबात मीठ टाकण्याआधी त्याची माहितीपुस्तिका वाचा, कारण बऱ्याच टबांना ते चालत नाही. उरलेलं मीठ घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. मॅग्नेशियम क्लोराइड तर हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाकीट उघडं राहिलं की काही दिवसांत त्याचा चिकट गोळा होतो.