गच्चीवरचे मासे थंडीत घरात आणताय? मग या चुका टाळा

दिवाळी सरली की दरवर्षी हीच तक्रार कानावर येते, वॉटर लिलीच्या टबातले गप्पी मासे पावसाळाभर मस्त होते, थंडी पडली म्हणून घरात आणले आणि आठवड्याभरात निम्मे गेले. आणि सगळा दोष थंडीवर. खरं सांगायचं तर थंडीने जेवढे मरतात त्याहून जास्त मासे आपल्या घाईने मरतात. एका रात्रीत पारा उतरतो, तेव्हा कुठे आपल्याला आठवण होते, मग सकाळी सकाळी टबात जाळी घालायची, नळाचं पाणी भरलेल्या काचेच्या बाउलमध्ये सोडायचे आणि वर चिमूटभर जास्तच खाद्य टाकायचं. यातली एखादी गोष्ट मासा सोसतो, सगळ्या एकदम आल्या की नाही सोसत.

आधी बघा, आणायची गरज तरी आहे का. मुंबई, कोकण, गोवा इकडे बहुतेक वर्षी पाणी तेवढं गार होतच नाही, तिथे मासे उचलून आत आणणं म्हणजे त्यांना उगाच त्रास. प्रश्न आहे तो नाशिक-निफाड, पुणे, धुळे-जळगाव, नागपूर-गोंदिया या पट्ट्यात. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर गेला होता, अशा रात्री २०-२५ लिटरचा उघडा टब पहाटेपर्यंत जवळपास हवेइतकाच गार होतो. ५०० लिटरचा सिमेंटचा हौद असेल तर पाणी सावकाश गार होतं आणि दिवसभराचं ऊन धरून ठेवतं, तिथे रात्री वरून पत्रा किंवा थर्माकोलची शीट टाकली तरी बरंचसं भागतं. आणि मातीची कुंडी असेल आणि आतून काही लावलेलं नसेल तर जास्त सावध राहा, ती पाझरते, पाझरलेलं पाणी सुकताना आतलं पाणी अजून गार करतं, आपला माठ जे करतो तेच, फक्त इथे ते आपल्याला नको असतं.

कोणता मासा आहे यावरही बरंच आहे. मॉली सगळ्यात नाजूक, तिला २४-२५ अंशांची सवय, पाणी २० च्या खाली गेलं की ती आजारी पडायला लागते. गप्पी २२ ते २८ मध्ये खूश असतात, १८ च्या खाली सुस्तावतात आणि १५ च्या खाली गेले की जिवावर बेततं. प्लॅटी आणि स्वोर्डटेल जरा दणकट. फायटर म्हणजे बेटा, त्याला थंडी अजिबात चालत नाही. गोल्डफिश आणि कोई मात्र थंड पाण्याचेच मासे, त्यांना आपल्याकडची थंडी बाधत नाही, त्यांना बाहेरच राहू द्या, फक्त पाणी गार असेपर्यंत खाद्य अगदी कमी करा कारण गारठ्यात त्यांचं पचन मंदावतं.

दुपारचं तापमान बघून निर्धास्त राहणं

ही पहिली मोठी चूक. दुपारी दोनला टबात हात घातला तर पाणी कोमट लागतं, वाटतं अजून वेळ आहे. पण बघायचं असतं ते सूर्योदयाच्या वेळचं पाणी. साधा काचेचा थर्मामीटर मिळतो मासेवाल्याकडे, तो टबात लटकवून ठेवा आणि सकाळी दात घासताना एक नजर टाका. सकाळचा आकडा २० च्या आसपास यायला लागला की तयारी पूर्ण हवी, १८ दिसला की त्याच दुपारी आणायचे. १४-१५ पर्यंत वाट बघितली तर मासा आधीच अशक्त झालेला असतो, प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते आणि अशा माशाला पकडायचं, हलवायचं म्हणजे दुखण्यावर दुखणं.

एकदम ऊब देणं

टबातलं पाणी १५, घरातल्या टँकमध्ये हीटर लावून २६, आणि मासा जाळीतून थेट इकडून तिकडे. आपल्याला वाटतं बिचाऱ्याला ऊब मिळाली, पण ११ अंशांची उडी म्हणजे त्याच्या शरीराला जबर धक्का असतो. म्हणून पकडायचे ते दुपारी दोन-तीनच्या सुमारास, तेव्हा टबातलं पाणी उन्हाने आपोआप २०-२२ ला आलेलं असतं. घरातला टँकही तेवढ्यालाच ठेवा. टबातलं पाणी पिशवीत घेऊन त्यात मासे, ती पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगती ठेवायची, मग दर पाच मिनिटांनी अर्धा अर्धा कप टँकचं पाणी पिशवीत, आणि शेवटी मासे सोडायचे. हीटर नंतर, रोज एक अंश याप्रमाणे वाढवत २४-२५ ला न्या. काही जण टबातच गिझरचं गरम पाणी ओततात, तसं कधीही करू नका, वरचा थर तापतो, खालचा गारच राहतो आणि तासाभरात सगळं परत थंड, म्हणजे मासे दिवसात दोनदा धक्का खातात.

पकडताना जाळी घेऊन टबभर पाठलाग करू नका. टबातलं पाणी मगाने किंवा पाइपने काढून वीतभर ठेवा, नंतर वाटी किंवा अंघोळीचा मग पाण्यात आडवा धरून मासे त्यात हळूच वळवा. काढलेलं पाणी टाकून देऊ नका, ते लागणार आहे.

कोरं पाणी, कोरा टँक

जे मासे आणल्यावर चार-आठ दिवसांनी मरतात ना, त्यातले बहुतेक यामुळे मरतात, थंडीचा तिथे काही संबंध नसतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते कल्ले जाळतं. एक दिवस पाणी उघड्या बादलीत ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही, म्हणून अँटिक्लोरीनचे थेंब टाकणंच बरं.

दुसरी गोष्ट दिसत नाही म्हणून लोक विसरतात. मासे पाण्यात सतत अमोनिया सोडतात. टबात दगडांवर, शेवाळावर, लिलीच्या मुळांवर जे चिकट गुळगुळीत आवरण असतं त्यात राहणारे जिवाणू तो अमोनिया संपवतात, आणि झाडंही थोडा घेतात. नवीन काचेच्या टँकमध्ये यातलं काहीच नसतं. हे जिवाणू आपसूक तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, तोपर्यंत मासे स्वतःच्याच घाणीच्या विषात पोहत असतात. आणि हे जिवाणू पाण्यात फार नसतात, पृष्ठभागाला चिकटून असतात, त्यामुळे नुसतं टबातलं जुनं पाणी आणून भागत नाही.

यावर सोपा उपाय आहे, फक्त आधी करायला हवा. नवरात्राच्या आसपासच एक स्पंज फिल्टर एअर पंपाला जोडून टबात सोडून द्या. थंडी पडेपर्यंत त्याच्या स्पंजवर तेच जिवाणू बसतात आणि तो चांगला मुरतो. मासे आणायच्या दिवशी तोच फिल्टर न धुता, न पिळता, ओलाच्या ओला घरातल्या टँकमध्ये लावायचा. सोबत टबातले दोन-चार शेवाळलेले दगड आणि निम्मं पाणी टबातलं. एवढं केलं की अर्धी लढाई जिंकली. वेळ निघून गेली असेल तर निदान दगड, मुळं आणा आणि पहिले दोन-तीन आठवडे रोज पाव हिस्सा पाणी बदला, अर्थात क्लोरीन घालवलेलं आणि त्याच तापमानाचं.

शोभेच्या तीन लिटरच्या बाउलमध्ये पंधरा गप्पी हा प्रकार तर बंदच करा. ४० लिटरचं काहीही चालेल, काचेचा टँक, भाजीच्या क्रेटसारखी भोकं नसलेलं, अखंड बाजूंचं प्लास्टिक क्रेट, किंवा मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा मोठा बॉक्स स्वच्छ धुऊन. थर्माकोल तर सगळ्यात छान, ऊब धरतो, हीटर कमी वेळ चालतो. ४० लिटरला ५० वॉटचा हीटर पुरतो आणि पंधरा-वीस छोटे मासे आरामात राहतात. फक्त हीटर प्लास्टिकला किंवा थर्माकोलला टेकू देऊ नका, वितळतं. पाणी बदलताना हीटर बंद करून पंधरा मिनिटं तरी थांबा, गरम हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते आणि मग करंटची भीती. वर झाकण हवंच, नवीन जागी गप्पी हमखास उड्या मारतात.

डासांचं मशीन

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. थंडीत आपण खिडक्या लावून घेतो आणि रात्रभर डासांचं लिक्विड मशीन किंवा कॉइल चालू. त्यात जी पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात ती आपल्याला फारशी त्रास देत नाहीत, पण माशांसाठी अतिशय विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. ज्या खोलीत मासे त्या खोलीत मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे, धूप काहीही नको, मच्छरदाणी लावा. स्वयंपाकघरातही ठेवू नका, फोडणीच्या धुराचा तवंग पाण्यावर बसतो. आणि ताज्या रंगाच्या वासाची खोली असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

झाडांसोबत येणारे पाहुणे

टबातली हायड्रिला, हॉर्नवर्ट आणताना ती आधी पांढऱ्या बादलीत किंवा परातीत पसरून नीट बघा. चतुराची अळी हमखास असते. चिखलाच्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी, देठाला चिकटून एकदम गप्प बसते, हलत नाही म्हणून दिसतच नाही. गप्पीचं पिल्लू जवळून गेलं की खालचा जबडा झटकन पुढे फेकते आणि धरते. रोज सकाळी दोन-तीन पिल्लं कमी दिसतायत आणि मेलेली सापडत नाहीत, तर समजा ही आत आली आहे. गोगलगायी आल्या तर घाबरायचं कारण नाही, त्या वाढायला लागल्या म्हणजे खाद्य जास्त पडतंय.

खाद्याचंच म्हणाल तर टबात ते डासांच्या अळ्या, शेवाळ खाऊन राहत होते, घरात सगळं तुमच्या हातात. पहिला दिवस काहीच देऊ नका. नंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

आणल्यावर काही बिनसलं तर

मॉली एकाच जागी उभी राहून नुसतं अंग हलवतेय, पुढे जात नाही, पंख मिटलेले, तर पाणी गार आहे किंवा एकदम बदललंय. औषध नको, आधी थर्मामीटर बघा आणि तापमान हळूहळू वाढवा.

सगळे वर येऊन तोंड उघडतायत तर ऑक्सिजन कमी आहे किंवा अमोनिया वाढलाय. लगेच तिसरा हिस्सा पाणी बदला, एअर पंप वाढवा, त्या दिवशी खाद्य बंद. पाणी दुधाळ झालं असेल तरी हेच, टँक पूर्ण रिकामा करून घासू नका, नाहीतर परत पहिल्यापासून.

अंगावर, शेपटीवर रव्याच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके, आणि मासा दगडाला अंग घासतोय, हा व्हाइट स्पॉट, एका परजीवीमुळे होणारा आजार. गारठ्यानंतर हा हमखास येतो. रोज एक अंश वाढवत २८ पर्यंत न्या, एअर पंप चालूच ठेवा कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि आयोडीन नसलेलं जाडं मीठ १० लिटरला २० ग्रॅम, विरघळवून, दोन-तीन दिवसांत थोडं थोडं करून घाला. झाडं आधी काढून घ्या, मिठाने ती कुजतात. ठिपके गेले की लगेच थांबू नका. माशाच्या अंगावर असताना त्या परजीवीला काही होत नाही, तो गळून पाण्यात सुटा झाला की मगच मरतो, म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडाभर तसंच चालू ठेवायचं.

लाइट गेली तर हीटरची फार काळजी नको, गोधडी गुंडाळली की ४० लिटर पाणी चार-पाच तास तग धरतं. पंपाची सोय बघा, बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, नसेल तर मगाने पाणी उंचावरून परत परत टँकमध्येच ओता.

परत बाहेर कधी? होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात, ते इथे बऱ्यापैकी लागू पडतं. पण सकाळचं पाणी सलग आठवडाभर २० च्या वर राहिलं की मगच न्या, आणि नेतानाही तीच पिशवी, तोच अर्धा अर्धा कप. टबावर दुपारची सावली करून ठेवा, मार्चचं ऊन उथळ टबाला ३५ च्या पुढे सहज नेतं. तोपर्यंत गप्पींची पिल्लं भरपूर झालेली असतील, मादी साधारण महिन्याला एकदा देतेच. जास्तीची ओळखीत वाटा किंवा दुकानदाराला द्या. ओढ्यात, तळ्यात, नदीत सोडू नका, हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, आपल्या इथल्या छोट्या माशांच्या अन्नावर आणि जागेवर तो हक्क सांगायला लागतो.