जुन्या सुती साडीतून चौबगल्याचा कुर्ता

घरी कुर्ता शिवायचा असेल आणि शिवणकामाचा फारसा सराव नसेल, तर मुंढ्याची, म्हणजे बाही जोडण्याच्या जागेची, गोलाई असलेला बेत सरळ बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी शिवलेला कुर्ता बिघडतो तो बहुधा तिथेच, कारण गोल कापलेला मुंढा आणि गोल कापलेली बाही एकमेकींशी जुळवताना एक बाजू ताणली जाते आणि दुसरीला चुण्या पडतात. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात ही गोलाईच नसते. मधला सरळ पट्टा, दोन आयताकृती बाह्या, बाजूंना चार कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद तुकडे, आणि बगलेत चौबगला, म्हणजे एक छोटा चौकोनी तुकडा, एवढ्यावर तो उभा राहतो. हातमागाच्या अरुंद कापडाचा तुकडाही वाया जाऊ नये, या हिशेबाने ही बेतणी रूढ झाली. आज ती आपल्याला दोन प्रकारे स्वस्त पडते, कारण कापड घरातलेच चालते आणि चुकण्याच्या जागा कमी असतात.

कापड म्हणून घरातली जुनी सुती साडी घ्यावी. अनेक धुण्यांनी तिचे आटणे कधीच संपलेले असते, त्यामुळे कुर्ता शिवल्यावर आखूड होण्याची भीती उरत नाही. आधी फॉल उसवून साडी धुवावी, हलकी खळ द्यावी आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी, म्हणजे मऊ पडलेले कापड कापताना सरकत नाही. मग ती उजेडासमोर धरून पाहावी. जिथे वीण विरळ दिसते, तिथे दोन्ही अंगठ्यांनी कापड हलके ताणावे, आणि धागे सरकले किंवा बारीक तटतट ऐकू आली तर तो भाग खडूने खूण करून सोडून द्यावा. कमरेला खोचली जाणारी बाजू, निऱ्यांचा खालचा भाग आणि कपाटातील कायमच्या घड्या या ठिकाणी साडी आधी विरते. इरकल असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पारंपरिक इरकलीत पदराचे धागे अंगाच्या धाग्यांत फासे घालून जोडलेले असतात, म्हणून कुर्त्याचा कोणताही तुकडा या जोडावरून कापू नये, आणि पदराचा लाल रंग जातो की नाही हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधीच पाहावे.

आता मापे पाहू. छाती ३६ इंच, कुर्त्याची उंची ४० इंच आणि बाही कोपरापर्यंत असे धरून खालील आकडे दिले आहेत, आणि त्यांत शिवणीसाठी सगळीकडे अर्धा इंच धरलेला आहे. पुढचा आणि मागचा पट्टा प्रत्येकी १५ इंच रुंद आणि साडेचाळीस इंच लांब असावा. बाही १६ इंच रुंद आणि साडेबारा इंच लांब घ्यावी. कळीची लांबी ३३ इंच, वरची रुंदी ४ इंच आणि खालची ८ इंच ठेवावी, तर चौबगला ४ इंचांचा चौकोन असावा. शिवल्यानंतर पट्टा १४ इंचांचा आणि कळीचे वरचे टोक ३ इंचांचे उरते, म्हणजे छातीवर दोन पट्ट्यांचे २८ आणि चार कळ्यांचे १२ मिळून ४० इंचांचा घेर मिळतो. ३६ च्या छातीला ही ४ इंचांची सैल पुरेशी आहे. छाती ४२ असेल तर शिवून तयार झालेला पट्टा १५ इंचांचा आणि तसेच तयार कळीचे टोक व चौबगला ४ इंचांचा करावा, म्हणजे घेर ४६ होतो.

कापताना साडीची रुंदी हीच कुर्त्याची लांबी धरावी. साडी साधारण ४५ इंच रुंद असते, त्यामुळे काठ आपोआप कुर्त्याच्या खालच्या कडेला येतो आणि तिथे दुमडून शिवण्याचे कामच उरत नाही. दोन्ही पट्टे खालच्या काठापासून वर मोजून कापावेत. कळ्यांसाठी साडीची १२ इंच लांबी घेऊन तीत एक कळी खालच्या काठापासून वर आणि दुसरी वरच्या काठापासून खाली अशी उलटसुलट आखावी, म्हणजे दोघींच्या तिरक्या कडा शेजारी येतात आणि दोघींच्याही तळाशी काठ मिळतो. अशा दोन जोड्या लागतात. मात्र दोन्ही काठ वेगळे असतील किंवा कापडावरची वेलबुट्टी एकाच दिशेने चढणारी असेल, तर हा मोह टाळून सगळ्या कळ्या एकाच दिशेने कापाव्यात. पुढच्या १६ इंचांत एक बाही वरच्या आणि एक खालच्या काठावर बसते, आणि मध्ये उरलेल्या कापडातून दोन चौबगले व गळ्याची पट्टी निघते. एवढे सगळे साडीच्या दोन मीटरांहून कमी लांबीत होते.

शिवताना प्रथम खांदे जोडावेत आणि कापड सपाट आहे तोवर गळा उरकून घ्यावा. गळा रुंदीला ६ इंच, मागे दीड आणि पुढे ४ इंच खोल ठेवून पुढे ५ इंचांची चीर द्यावी. आधी लहानच कापावा, कारण लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही. मग बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवून बाही पट्ट्याला जोडावी, आणि शिवण दोन्ही टोकांना अर्धा इंच आधी थांबवावी.

कळीची एक कड सरळ आणि एक तिरकी असते. तिरकी कड ओढल्यावर लांबते, म्हणून ती पट्ट्याच्या सरळ कडेला जोडावी, जेणेकरून पट्टा तिला आवरून धरेल आणि कळीच्या सरळ कडा बाजूच्या शिवणीत येतील. टाचण्या काठापासून वर लावत जाव्यात, कारण काठाची रेघ कळीवर आणि पट्ट्यावर तंतोतंत जुळली नाही तर सगळा कुर्ता ओबडधोबड दिसतो. तिरकी कड पाव इंचभर जास्त भरते, ती वरच्या टोकाला छाटावी, काठाला हात लावू नये.

चौबगला हे या कुर्त्यातले एकमेव नाजूक काम आहे आणि ते मी नेहमी हाताने कच्चा धावदोरा घालूनच करावे असे सुचवेन. चौकोनाची एक कड बाहीच्या पुढच्या खालच्या कडेला आणि शेजारची कड पुढच्या कळीच्या वरच्या टोकाला जोडायची असते. कोपऱ्यापाशी, कडेच्या अर्धा इंच आधी, सुई कापडात रुतवून मशीनचा पाय उचलावा, कापड वळवावे आणि मग पुढे जावे. यानंतर बाहीच्या टोकापासून एकच लांब शिवण सुरू करावी, जी बाही मिटवत चौबगल्याच्या मागच्या दोन कडांवरून वळते आणि बाजूने खाली उतरते. खालून १२ इंच आधी ती थांबवावी, तिथे बाजूची चीर होते. चिरीच्या वरच्या टोकाला दोनतीनदा टीप मारून मजबुती द्यावी. आतल्या कडा पिको-फॉलच्या दुकानातून इंटरलॉक करून घ्याव्यात.

दिसण्याची प्रेरणा हवी असेल, तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयात जुनी वस्त्रे पाहताना नक्षीकामाआधी शिवणी कुठे आहेत ते पाहावे. काठ हाच अलंकार असल्यामुळे वर लेस, गोंडे किंवा चकचकीत बटणे लावण्याची गरज नसते, फार तर गळ्याच्या चिरीला कापडाचीच दोन बटणे पुरतात. खाली मात्र एकरंगी सरळ पायजमाच शोभतो, कारण काठावर आणखी नक्षी आली की नजर कुठेच ठरत नाही.

साडेपाच मीटरच्या साडीतून अजून सुमारे साडेतीन मीटर कापड हाती राहते. त्यातला पदराकडचा सव्वादोन मीटरचा भाग ओढणी म्हणून ठेवावा, आणि बाकी कापडात तान्ह्या बाळाची झबली शिवावीत, ज्यांना हीच बेतणी लहान आकड्यांत चालते, फक्त कळ्या वगळाव्यात.