बंद घरातला पंखा सुरू करण्याआधी

गणपतीच्या आधीचा आठवडा आम्हा रत्नागिरीकडच्या वायरमन लोकांना जेवायला सवड देत नाही. मुंबईहून चाकरमानी येतात, मे महिन्यात कुलूप लावलेलं घर उघडतात, बटण दाबतात आणि फोन करतात: पंखा नुसता हूं करतोय, फिरत नाही. यातली बरीच कामं घरच्या घरी होतात. पण सगळे मोटरपासून सुरुवात करतात, मी हुकापासून करतो. मोटर बिघडली तर पंखा थांबतो. हुक गेला तर पंखा खाली येतो, आणि खाली माणसं झोपलेली असतात.

आधी मेन स्विच बंद. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून वर चढू नका. जुन्या घरांत बटण न्यूट्रलमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर टाकलेलं सापडतं, म्हणजे बटण बंद असलं तरी पंख्यापर्यंत फेज, म्हणजे वीज आणणारी तार, पोचलेलीच असते. मेन बंद केल्यावरही वर टेस्टर लावून बघा, आणि घरातल्या पोरांना मीटरपासून लांब ठेवा. लाकडी घोडा किंवा स्टूल असेल तर उत्तम. खाली धरायला एक माणूस हवाच.

वरचा कप ढिला करून रॉडवर खाली सरकवा. आता दिसेल हुक, त्यात अडकवलेलं रबरी रीळ, त्यातून जाणारा बोल्ट, नट आणि नटातली पिन. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत हुक स्लॅबमधून बाहेर येतो तिथेच आधी गंजतो. स्क्रूड्रायव्हरने खरवडा. वरवरचा तांबूस गंज असेल तर घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक रंग मारा. पापुद्रे सुटत असतील, लोखंड बारीक झालेलं दिसत असेल, तर पंखा उतरवून ठेवा आणि नवा हुक जाणकाराकडूनच बसवून घ्या. पंखा असतो चारेक किलोचा, पण फिरताना तो हुकाला सतत हलवत असतो.

रबरी रीळ कडक होऊन चिरलं असेल तर बदला. ते किरकोळ पैशांत मिळतं. ते गेलं की लोखंडावर लोखंड घासतं, खडखड येते आणि बोल्ट झिजतो. पिनेचे दोन्ही पाय फाकवलेले हवेत. पिनेच्या जागी खिळा किंवा बांधकामाची तार घातलेली दिसली तर तसाच सोडू नका. हीच तपासणी रॉडच्या खालच्या टोकालाही, मोटरजवळ. तिथे पिनेबरोबर आवळायचा एक स्क्रूही असतो, तो सहसा कोणी बघत नाही.

कौलारू घरात क्लॅम्प तुळईलाच हवा, आरपार बोल्टने. वाशाला किंवा रिपेला नाही. आणि मुंबईच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं छत केलं असेल तर पंखा वरच्या स्लॅबच्या हुकालाच, लांब रॉड घेऊन. पीओपी स्वतःचंच वजन कसंबसं पेलतं. पाती जमिनीपासून आठ-नऊ फूट वर आणि छतापासून किमान फूटभर खाली असली की वारा नीट लागतो.

आता त्या हूं आवाजाकडे येऊ. मेन बंद असतानाच पातं हाताने ढकला. जड फिरलं, घरघरलं किंवा लगेच अडलं तर बेअरिंग. मोकळेपणाने फिरत राहिलं तर संशय कपॅसिटरवर. सुरुवातीचा रेटा देणाऱ्या वाइंडिंगला, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला, तोच वीज पुरवतो, म्हणून तो गेला की मोटर नुसती गुणगुणते. तो वरच्या नाहीतर खालच्या कपात असतो. काढण्याआधी वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. कपॅसिटरची दोन्ही टोकं स्क्रूड्रायव्हरच्या पात्याने एकमेकांना टेकवा, हात मुठीच्या प्लास्टिकवर ठेवून. आत साठलेला झटका छोटा असतो, पण स्टुलावरून पाडायला पुरतो. बहुतेक घरगुती पंख्यांना २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा लागतो. जुन्यावर जो आकडा छापलाय तोच आणा. "मोठा टाका, जोरात फिरेल" असं सांगणारे दुकानदार भेटतात. फिरेलही, पण वाइंडिंग तापेल.

पंखा फिरतो पण मंद असेल तर आधी दुसऱ्या खोल्यांतले बघा. सगळेच मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे, काही उघडू नका. एकच मंद असेल तर पुन्हा कपॅसिटर. रेग्युलेटर कमी आकड्यावर असतानाच गुंई आवाज येत असेल, तर पंख्याला दोष देऊ नका, रेग्युलेटर बदला.

बेअरिंग बदलणं मात्र मी घरी करायला सांगणार नाही. वाइंडिंगची तार केसासारखी बारीक असते. स्क्रूड्रायव्हर निसटून एक ओरखडा पडला की पंखा गेला. आणि वरून तेल सोडू नका. आजची बेअरिंग बहुधा बंद असतात, तेल आत शिरत नाही, फक्त धूळ धरतं.

पंखा डुलत असेल तर आधी पाती पुसा. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून ओढला की धूळ आतच राहते, गादीवर पडत नाही. ओढताना पातं वरखाली दाबू नका. तरीही डुलला तर छतापासून पात्याच्या टोकापर्यंत काठी धरून खूण करा आणि पंखा हाताने फिरवून तिन्ही पाती त्याच जागी तपासा. एखादं वरखाली निघालं तर बहुधा त्याचा स्क्रू ढिला असतो किंवा पट्टी वाकलेली. पाती संचाने येतात, दुसऱ्या पंख्याचं पातं चालत नाही. एवढं करूनही थोडा डुलला, तर एका पात्याच्या वर रुपयाचं नाणं चिकटपट्टीने लावून बघा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

नवा घ्यावा का? १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या. जुना पंखा ७५ वॉट धरला तर बारा तासांत ०.९ युनिट जातं. ३० वॉटचा बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा पंखा, ०.३६ मध्ये भागवतो. मुंबईच्या घरी, जिथे पंखा दिवसरात्र चालतो, तिथे तोच घ्या. त्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून वायर सरळ जोडावी लागते. वर्षातून महिनाभर उघडणाऱ्या गावच्या घराला मात्र जुनाच पंखा नवा कपॅसिटर टाकून पुष्कळ झाला.

परत जाताना पंख्याला प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. सुती कापड चालेल. शेजाऱ्याकडे किल्ली असेल तर महिन्यातून एकदा तासभर पंखे लावायला सांगा, आणि नंतर मेन बंद करायला.